मायना



गेल्या पौष वद्य एकादशीला आमची दिंडी नाशिकहून पायी त्र्यंबकेश्वरी गेली. निवृत्तिनाथांच्या यात्रेला ती दरवर्षी जाते, आणि मी बावीस वर्षे तिच्याबरोबर जाते आहे. या खेपेला माझ्यासोबत एक अकरा वर्षांची मुलगी होती. माझ्या सुनेची, तिच्या पहिल्या घरची मुलगी. सुनेचे पहिले यजमान आजारात गेले. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाशी लग्न करून ती आमच्या घरी आली, तेव्हा या मुलीचा हात धरूनच आली.

एवढे लांबण लावले, कारण या मुलीसाठी माझ्याजवळ शब्द नव्हता. 'नात' म्हणायला जीभ रेटत नव्हती, हे कबूल करते. तिचीही तीच अडचण. माझ्या मुलाला ती पहिल्या वर्षातच 'बाबा' म्हणू लागली. स्वतःच्या वडिलांना ती 'पप्पा' म्हणत असे, त्यामुळे तो एक शब्द तिच्यापाशी मोकळा होता. मला मात्र ती काहीच म्हणत नसे. "ऐका ना," म्हणून बोलायला सुरुवात करायची, नाहीतर समोर येऊन नुसती उभी राहायची. तिला दोष कशाला देऊ? मीसुद्धा एक्केचाळीस वर्षे यजमानांना 'अहो'च्या पलीकडे काही म्हटले नाही. आमच्या पिढीच्या बायकांना कोऱ्या हाकेची सवय आहे.

या मुलीला एक नाद आहे. ती भाषा तयार करते. आपण लहानपणी शब्दाला च चिकटवून मोठ्या माणसांना चकवायचो, तसला खेळ नव्हे. बाजारपेठेतले व्यापारी गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून नंदभाषेत आकडे बोलत, तशी गुपिताची भाषाही नव्हे. तिची भाषा म्हणजे शंभर पानी वही आहे. त्यात क्रियापदे आहेत, काळ आहेत, अनेकवचनाचा नियम आहे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली, पण व्याकरण कोणी इतक्या हौसेने हाती घेतलेले पाहिले नव्हते. दिवाळीपासून तिची गाडी नात्यांच्या पानावर अडली होती.

दशमीच्या रात्री महिरावणीजवळ एका शेतकरी माउलींच्या खळ्यावर मुक्काम होता. थंडी मी म्हणत होती. हरिपाठ झाला, कीर्तन झाले, बायका गोधड्यांत शिरल्या. ही बॅटरीच्या उजेडात वही उघडून बसली.

"ऐका ना. मराठीत किती नाती आहेत?"

मी बोटे मोजू लागले. काका, मामा, आत्या, मावशी. दीर, नणंद, जाऊ, भावजय. मेहुणा, साडू, व्याही, विहीण. पुतण्या वेगळा, भाचा वेगळा. भावंडांतही चुलत, मावस, आते, मामे असे चार वाडे. वर जावे तर पणजोबा, खापरपणजोबा; खाली यावे तर पणतू, खापरपणतू. ती लिहून घेत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या पडत होत्या.

"हे फार झालं. एस्पेरांतोमध्ये सोपं आहे."

एस्पेरांतो ही तिने कुठेतरी वाचलेली भाषा. झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ती तयार करून १८८७ साली वॉर्सात छापली. सगळ्या जगाने एकमेकांशी बोलावे आणि भांडणे मिटावीत, एवढी साधी इच्छा त्यामागे होती. त्या भाषेत बाप म्हणजे 'पात्रो', आणि त्यालाच शेपूट लावले की 'पात्रिनो', म्हणजे आई. भाऊ 'फ्रातो', बहीण 'फ्रातिनो'. सासरा हवा असेल तर पुढे 'बो' लावायचे, 'बोपात्रो'. थोड्या शब्दांत सगळे गणगोत उरकते.

मी म्हटले, "आई बापातून काढायची हे काही मला पटत नाही बाई."

ती म्हणाली, "मराठीतपण काकी काकातूनच निघते. मामी मामातून."

बरोबर होते तिचे. पण मावशी कोणातून निघाली नाही. ती मूळची मातृष्वसा, आईची बहीण, स्वतःच्या पायांवर उभी. आत्याचेही तेच. उलट आमच्याकडे मावशीच्या यजमानांनाच वेगळा शब्द नाही, त्यांना काका म्हणून भागवतात. हे तिला आवडले. तिने लगेच वहीत काहीतरी खोडले.

मग तिने विचारले. डोळे वहीतच होते.

"एस्पेरांतोत सावत्र बापाला 'दुओनपात्रो' म्हणतात. दुओन म्हणजे अर्धा. मग तुम्ही माझ्या अर्ध्या आजी का?"

शेजारच्या गोधडीतले घोरणे थांबल्यासारखे मला वाटले. "झोप आता, पहाटे काकडा आहे," एवढेच मी बोलले. शिक्षकी पेशात उत्तर येत नसले की तास संपवायची सोय असते.

झोप मात्र मला लागली नाही, आणि त्याचे कारण आदल्या वर्षीचे होते. आदल्या वर्षी ती फक्त दर्शनाला म्हणून सुनेबरोबर बसने त्र्यंबकला आली होती. आमच्या दिंडीतल्या एका बाईंनी तिला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि मला विचारले, "नात का, माउली?" मी म्हटले, "सुनेची. पहिल्या घरची." मुलगी दोन पावलांवर लाडू खात होती. खायची थांबली, मग पुन्हा खाऊ लागली. एवढेच घडले. त्याच दिवशी मी पन्नास अनोळखी माणसांना माउली म्हटले होते, चिखलात पाय अडकलेल्या एका म्हाताऱ्याला बाप म्हणून हात दिला होता, पाण्याच्या टँकरवाल्यालाही माउली म्हटले होते. घरातल्या पोरीला तेवढे 'पहिल्या घरची'.

'सावत्र' शब्दाचा मी त्या रात्री खूप विचार केला. या शब्दाच्या पोटात सवत बसलेली आहे. दोन बायकांच्या घरातला तो शब्द, एकीच्या मुलांना दुसरीच्या मुलांपासून निराळे काढण्यासाठी झालेला. आमच्या घरात सवत कुठे होती? एक माणूस गेला होता आणि दुसरे घर उघडले होते. पण मराठीत त्यासाठी निराळा शब्द नाही, म्हणून सवतीचाच शब्द येऊन बसला. नात्यांचे शब्द असे जुन्या घरांचे हिशेब अंगावर घेऊन येतात. जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणे. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत होती, तेव्हा सुनेची सासू खरोखरच तिची आत्या असे. रीत मागे पडली, पण नुकतेच आलेल्या परक्या मुली पुढे कित्येक वर्षे परक्या बाईला आत्याबाई म्हणत राहिल्या.

या गोष्टींचा शास्त्रशुद्ध विचार इरावतीबाई कर्वे यांनी केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवीत. सबंध भारतातली नाती आणि त्यांचे शब्द गोळा करून त्यांनी १९५३ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या वाचकांना त्या दुसऱ्या कारणाने जवळच्या वाटाव्यात. त्या आळंदीहून पंढरीला वारीत चालल्या होत्या आणि त्यावर त्यांनी लिहिले आहे. ज्या प्रदेशातले लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. पण त्याच लेखात त्यांनी एक सल लपवली नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत, एकत्र भजन करीत, आणि जेवायला मात्र वेगळे बसत. नात्यांचे शब्द अभ्यासणाऱ्या बाईंना हे दिसल्याशिवाय कसे राहील? दिवसभर तोंडाने माउली, आणि संध्याकाळी चूल निराळी.

ही सल आपल्या परंपरेत जुनीच आहे. चोखोबांच्या पत्नीचे नाव सोयराबाई. नावातच सोयरीक. बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे घरच अभंग रचणारे. आणि चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर. साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. शब्द आधी झाला होता, दार साडेसहाशे वर्षांनी उघडले.

एकादशीच्या पहाटे काकडा करून निघालो. अंजनेरीचा डोंगर धुक्यात अर्धाच दिसत होता. मारुतीरायाचा जन्म इथला म्हणतात. सगळ्यांनी डोंगराकडे पाहून हात जोडले. ही माझ्या शेजारी पताका घेऊन चालत होती. म्हणाली, "मारुतीला वडील दोन आहेत ना? केसरी आणि वारा."

"दोन."

"मग अर्धा कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटले. "पवनपुत्रही तोच आणि केसरीनंदनही तोच. आणि नाव बहुतेक वेळा आईचंच घेतात, अंजनीसुत." तिने मान हलवली आणि पताका दुसऱ्या खांद्यावर घेतली. माझ्या रात्रीच्या न दिलेल्या उत्तराचा चतकोर तरी तिला मिळाला असावा.

मग मीच विषय काढला. "तुझ्या नात्यांच्या पानाला उपयोगी पडेल असं एक घर सांगते. आपण त्यांच्याच दादाकडे चाललोय." आणि चालता चालता तिला आळंदीच्या चार भावंडांची गोष्ट सांगितली. आपल्याला ती पाठ असते म्हणून आपण तिच्यातली ठेच विसरतो. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले, चार मुले झाली. आणि लोकांनी म्हटले, संन्याशाला मुले नसतात. म्हणजे ही चार जिवंत पोरे समोर उभी, आणि त्यांच्या नात्याला शब्द नाही. शब्द नाही म्हणून मुंज नाही, पंगत नाही. परंपरा सांगते की आईवडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत जावे लागले.

ज्या घराची नाती गावाने नाकारली, त्या घराची नावे पुढे काय झाली पाहा. थोरले निवृत्तिनाथ, ते दादा. पण धाकट्या भावंडांचे गुरूही तेच. दुसरे ज्ञानदेव, लग्न न झालेला एकवीस वर्षांचा तरुण. त्यांना सबंध महाराष्ट्र 'माउली' म्हणतो. तिसरे सोपानदेव, ते 'सोपानकाका'. आणि सगळ्यांत धाकटी मुक्ता, ती 'मुक्ताई'.

मुलगी थांबलीच. "म्हणजे चार भावंडांत एक दादा, एक काका आणि दोन आया?"

"हो."

"आणि लग्न कोणाचंच नाही?"

"कोणाचंच नाही."

"हे माझ्या नियमात बसणारच नाही," ती म्हणाली, पण आवाजात तक्रार नव्हती.

मलाही हे असे ओळीने मांडल्यावर नव्याने दिसले. मुक्ताई भावांची धाकटी बहीण, आणि रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावते तेव्हा आईच्या जागी उभी असते. आषाढीच्या वाटेवर माउलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटते, त्याला आपण बंधुभेट म्हणतो. काका आणि माउली म्हणत असलो तरी ते भाऊच आहेत हे आपण विसरत नाही. जुने शब्द कोणी पुसले नाहीत. त्यांच्यावर दुसरे शब्द चढले. आणखी एक गोष्ट माझ्या मनात पुष्कळ वर्षे आहे. या मुलांच्या वडिलांचे नाव विठ्ठल आणि आईचे रुक्मिणी. ज्ञानदेवांच्या अभंगांची मुद्रा 'बापरखुमादेवीवर' अशी. त्या मुद्रेतला बाप पंढरीचा, हे सगळे जाणतात. पण पोरक्या मुलाने ते नाव उच्चारताना इंद्रायणीकाठचे घर त्याला एकदाही आठवले नसेल, असे मला वाटत नाही. हे माझे आपले वाटणे. जाणकार वेगळे सांगतील.

दहाच्या सुमारास त्र्यंबकला पोहोचलो. कुशावर्तावर पाय ठेवायला जागा नव्हती. तीर्थ डोक्याला लावले आणि समाधीच्या रांगेत उभ्या राहिलो. मागे ब्रह्मगिरी. याच डोंगराच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, निवृत्तिनाथ घरच्यांपासून चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरले. घर चुकलेल्या मुलाला तिथे दुसरे घराणे मिळाले: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव ही गुरुपरंपरा सांगतात. शके १२१८ मध्ये ज्ञानदेव आळंदीला, मग सोपानदेव सासवडला, मग तापीकाठी मुक्ताई. तिन्ही धाकटी पाठवून थोरला भाऊ शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, इथे येऊन बसला. रांगेत उभी असले की दरवर्षी मला हेच आठवते आणि दरवर्षी पदर डोळ्यांना लागतो.

रांग हलत नव्हती. "चला माउली, सरका माउली," असे मागून पुढून चालू होते. त्या शब्दाचे असेही होते. नाव विचारायचा कंटाळा आला की माउली, धक्का द्यायच्या आधी माउली. मुलगी कंटाळली होती, म्हणून चांगदेवांची गोष्ट सांगायला घेतली.

चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी. त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. लेखणी घेतली आणि मायन्यालाच अडले. आपल्याकडे पत्र मायन्याशिवाय सुरू होत नाही. वडिलांना तीर्थरूप, इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव. ज्ञानदेव वयाने पोर, म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने वडील. तीर्थस्वरूप लिहावे, तर वय आडवे येते. शेवटी चांगदेवांनी कोरा कागद पाठवला. मुक्ताईने थट्टा केली की एवढी वर्षे जगून कोराच राहिला. निवृत्तिनाथ मात्र हसले नाहीत. त्यांनी ज्ञानदेवांना सांगितले, याला उत्तर लिही. ती 'चांगदेव पासष्टी'. पासष्ट ओव्या.

मुलगी वही छातीशी धरून ऐकत होती. "मग उत्तरात काय मायना लिहिला?"

आजवर कीर्तनात, प्रवचनात ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी आठवून सांगितले, "सुरुवातीचा नमस्कार देवाला आहे, वटेश्वराला. आणि पुढे त्यांना नुसतं 'चांगया' म्हटलंय. आणि 'तू'."

"चौदाशे वर्षांच्या माणसाला तू?"

"तू."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने वही उघडून नात्यांचे पान माझ्यापुढे धरले. चौकटी आखल्या होत्या. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे तिच्या भाषेतले. आई, पप्पा, बाबा, दोघांना दोन वेगळे शब्द. आईकडची आजी. वारलेले आजोबा. सर्वांत खाली एक चौकट, तिच्या डावीकडेही काही नाही आणि उजवीकडेही नाही.

"ही तुमची," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

मी काय बोलणार होते? तिथे रांगेतच मी तिला सांगितले, की गेल्या वर्षी लाडूच्या वेळी मी जे बोलले ते तू ऐकलेस हे मला माहीत आहे, आणि ते मी चुकले. मोठ्या माणसाने लहान मुलाला असे म्हणताना घसा कोरडा पडतो. ती म्हणाली, "हं." मागून कोणीतरी म्हणाले, "चला माउली," आणि रांग सरकली.

दर्शन झाले. समाधीवर डोके टेकताना तिने वहीसुद्धा टेकवली, पुजाऱ्यांनी काही म्हटले नाही. बाहेर येऊन भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. तेवढ्यात कालच्याच, लाडू देणाऱ्या बाई भेटल्या. त्यांना गेल्या वर्षीचे काही आठवत नव्हते. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी म्हटले, "नात." एका अक्षराने जास्त बोलले नाही. मुलगी आमटी पीत होती, तिने वर पाहिले नाही.

संध्याकाळी परतीच्या एसटीत चढलो. मी विचारले, "मग चौकटीत काय लिहिणार?"

"अजून ठरलं नाही. घाई नाही." मग म्हणाली, "पण एक नियम आज बदलला. माझ्या भाषेत तुम्ही आणि तू असे दोन शब्द होते. आता एकच ठेवलाय. सगळ्यांना."

मराठीत ती मला आजही 'तुम्ही' म्हणते, आणि मी तिला त्याबद्दल काही बोलले नाही. पण त्या गाडीत ती तिच्या भाषेत एक वाक्य बोलली, माझ्याकडे बघून. मला कळले नाही. तिने पुन्हा सावकाश म्हटले, एकेक शब्दावर बोट ठेवावे तसे. मग अर्थ सांगितला, "तू खिडकीपाशी बस, तुला वारा लागेल."

गाडी लागते मला घाटावळणाला. हे तिच्या लक्षात असेल असे मला वाटले नव्हते. मी सरकून खिडकीपाशी बसले.